दाढेत चांदी भरायची की पांढरे?

गेल्या महिन्यात शाळेतल्या एक बाई दवाखान्यात आल्या. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या तिन्ही दाढांतली चांदी काढून टाका आणि पांढरं भरा. त्यात पारा असतो म्हणे." तोंड तपासले. चांदी वीस वर्षांपूर्वीची, पण कडा घट्ट, खाली कुठे कीड नाही. मी काढायला नकार दिला. बाई थोड्या नाराज झाल्या. हीच शंका आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते, म्हणून आज त्याविषयी.

पारा असतो हे खरेच आहे. आपण जिला चांदी म्हणतो ती चांदी, कथील व तांबे यांची भुकटी पाऱ्यात कालवून केलेली असते, आणि वजनाने त्यात जवळजवळ निम्मा पारा असतो. घट्ट झाल्यावर तो इतर धातूंशी बांधला जातो. चावताना अगदी सूक्ष्म प्रमाणात वाफ सुटते, पण तिने सर्वसामान्य माणसाला अपाय होतो असे आजवरच्या संशोधनात सिद्ध झालेले नाही. उलट, चांगली चांदी ड्रिलने उकरताना वाफ एकदम जास्त सुटते आणि दाढेचा चांगला भागही थोडा जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये हेच सांगितले : सुस्थितीतील चांदी विनाकारण काढू नये. मात्र गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, सहा वर्षांखालील मुले, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे आजार असलेले लोक यांना शक्यतो नवी चांदी भरू नये. मी स्वतः पंधरा वर्षांखालील कोणालाही भरत नाही.

मग जगभर चांदी बंद का होत आहे? मुख्य कारण पर्यावरणाचे. दवाखान्याच्या सांडपाण्यातून गेलेला पारा शेवटी नदी-समुद्रातल्या माशांत पोहोचतो. जपानमधील मिनामाता येथे एका कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे मासे खाणारी माणसे कायमची अपंग झाली. त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. युरोपीय संघाने काही वैद्यकीय अपवाद ठेवून २०२५ पासून चांदी बंद केली, आणि २०३४ पर्यंत ती सर्वत्र थांबवायची असे करारातील देशांनी ठरवले आहे. म्हणजे तुमच्या नातवंडांना हा प्रश्न पडणारच नाही. आज आपल्याला पडतो.

पांढरे फिलिंग, म्हणजे काँपोझिट, दिसायला दातासारखे. त्याचा मोठा गुण असा की ते दाताला चिकटते. चांदी नुसती अडकून बसते, तिच्यासाठी खड्डा जास्त कोरावा लागतो. पांढऱ्यासाठी फक्त कीड काढली की पुरते. पण चिकटवण्याचे काम नाजूक आहे. आधी दाताला सौम्य आम्ल लावून धुवायचे, वाळवायचे, मग चिकटद्रव्य, मग साधारण दोन मिलिमीटरचा एकेक थर निळ्या प्रकाशाने कडक करायचा. मध्येच लाळ किंवा रक्त लागले की सारे व्यर्थ. वेळ जास्त जातो, म्हणून पैसेही जास्त पडतात.

याबाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगतो. तंबाखू खाणारे एक शेतकरी काका आले होते. खालची शेवटची दाढ, कीड हिरडीच्या खाली गेलेली, कापूस लावला तरी रक्त थांबेना. "पांढरंच भरा, पैशाचं बघू नका," असा त्यांचा हट्ट. ती दाढ हसताना कोणाला दिसणार नव्हती, पण मी ऐकले. वर्ष व्हायच्या आत काका ठणका घेऊन परत आले. फिलिंगच्या कडेने पुन्हा कीड शिरली होती, रूट कॅनॉल करून कॅप बसवावी लागली. तिथे त्या दिवशी चांदीच योग्य होती. ओलसर जागी ती पांढऱ्यापेक्षा जास्त निभावून नेते. मागच्या दाढांत पांढऱ्याखाली पुन्हा कीड लागण्याचे प्रमाण चांदीपेक्षा अधिक, असे तुलनेच्या अभ्यासांतही दिसले आहे.

तिसरा पर्याय ग्लास आयोनोमर सिमेंटचा. तेही दाताच्या रंगाचे, दाताला आपोआप चिकटते, त्यातून फ्लोराइड पाझरते. चावण्याचा जोर मात्र फार सोसत नाही. दुधाच्या दातांना आणि हिरडीजवळ ब्रशने झिजलेल्या खाचांना मी बहुधा हेच वापरतो.

पुढच्या दातांना पांढरेच. मागे कीड लहान असेल आणि जागा कोरडी राहत असेल तरीही पांढरे. खोल, ओली, हिरडीखालची मोठी कीड असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "इथं कोरडं राहील का?" खड्डा फारच मोठा असेल तर दोन्हींपैकी काहीच टिकत नाही, कॅपचा विचार करावा. मिश्री, तंबाखू व चहा यांनी पांढऱ्यावर डाग पडतात, हेही लक्षात असू द्या.

चांदी भरल्यावर चोवीस तास त्या बाजूने चावू नका. पांढरे लगेच कडक होते, पण भूल उतरेपर्यंत थांबा, नाहीतर गाल चावला जातो. थंड पाण्याने थोडे दिवस शिवशिवले तर घाबरू नका. मात्र दात मिटताना फिलिंग उंच लागत असेल तर "बसेल हळूहळू" म्हणून वाट पाहू नका, दुसऱ्याच दिवशी जाऊन घासून घ्या. पाच मिनिटांचे काम असते.