नावांची झाली क्रियापदे : इंग्रजीतील काही थट्टेखोर शब्दांचा इतिहास

शिलालेख, ताम्रपट आणि नाणी ही इतिहासाची साधने आहेत, हे शालेय विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. शब्द हेही तसेच एक साधन आहे, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. थट्टेतून जन्मलेले शब्द तर विशेष बोलके असतात. समाज कोणाला हसला आणि का हसला, याची नोंद ते आपल्या पोटात जपून ठेवतात. इंग्रजीतील अशा काही क्रियापदांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत. आपल्या मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते. ही भाषाही सामान्य माणसांनी हसतखेळत घडवली आहे, हे कळले तर ती धास्ती काही अंशी ओसरेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.

प्रथम थोडे व्याकरण पाहू. मराठीत नामापासून धातू बनतो, त्यास आपण नामधातू म्हणतो. हात यापासून हाताळणे, लाथ यापासून लाथाडणे, पाणी यापासून पाणावणे ही त्याची उदाहरणे होत. इंग्रजीत बहुधा प्रत्ययाचीही गरज पडत नाही. ‘एल्बो’ म्हणजे कोपर. तोच शब्द क्रियापद म्हणून वापरला की अर्थ होतो कोपराने ढकलणे. त्यामुळे नवे क्रियापद बनवणे हा इंग्रजी बोलणाऱ्यांच्या डाव्या हातचा मळ आहे. ‘गूगल’ या कंपनीच्या नावाचे क्रियापद झाले आणि २००६ साली ते ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही दाखल झाले. आपली तरुण मंडळीही ‘गुगलून पाहा’ असे गमतीने म्हणतात, तेव्हा त्यांनी मराठीचा नामधातूच नव्याने घडवलेला असतो.

काही क्रियापदे निव्वळ गंमत म्हणून जन्मली. लुइस कॅरोल यांच्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ या १८७१ च्या पुस्तकात ‘जॅबरवॉकी’ नावाची एक निरर्थक शब्दांची कविता आहे. तीत ‘चॉर्टल’ हे क्रियापद प्रथम आले. ‘चकल’ म्हणजे गालातल्या गालात हसणे आणि ‘स्नॉर्ट’ म्हणजे नाकाने फुरफुरणे, या दोहोंचा तो संकर मानला जातो. त्याच कवितेतील ‘गॅलंफ’ हे क्रियापद आज धबधब पाय आपटत चालण्यासाठी वापरतात. एका लेखकाने खेळता खेळता केलेले हे शब्द आज गंभीर ग्रंथांतही आढळतात.

आता माणसांच्या नावांकडे वळू. थॉमस बाउडलर या इंग्रज वैद्यांच्या नावाने १८१८ साली शेक्सपिअरच्या नाटकांची ‘कुटुंबात वाचण्याजोगी’ आवृत्ती निघाली. अशिष्ट वाटणारे शब्द तीतून गाळलेले होते. लोकांनी त्यावरून ‘बाउडलराइझ’ हे क्रियापद केले. अर्थ असा की, सोवळेपणाच्या नादात पुस्तकाची नको तितकी काटछाट करणे. यातील इतिहासाची बाब अशी की, या उपक्रमाची १८०७ ची पहिली आवृत्ती त्यांच्या भगिनी हेन्‍रिएटा यांनी सिद्ध केली होती. परंतु तीवर त्यांचे नाव नव्हते. श्रम बहिणीचे आणि क्रियापद भावाचे, असा हा प्रकार आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी १८१२ साली मतदारसंघांच्या फेररचनेच्या कायद्यावर सही केली. स्वपक्षाच्या सोयीसाठी आखलेला एक मतदारसंघ नकाशावर इतका वेडावाकडा दिसू लागला की, लोकांना त्यात ‘सॅलमँडर’ हा सरड्यासारखा प्राणी दिसला. वृत्तपत्राने त्यास पंख आणि नख्या काढून व्यंगचित्र छापले. गेरी आणि सॅलमँडर मिळून ‘गेरीमँडर’ हा शब्द झाला. मतदारसंघांच्या सीमा लबाडीने आखणे या अर्थी तो आजही राजकारणात रूढ आहे.

‘बर्क’ या क्रियापदातील विनोद मात्र अंगावर काटा आणणारा आहे. १८२८ साली एडिंबरो शहरात विल्यम बर्क आणि विल्यम हेअर या दोघांनी सोळा जणांचे खून करून त्यांची प्रेते शरीरशास्त्राच्या एका अध्यापकास विच्छेदनासाठी विकली. मारले गेलेले बहुतेक लोक दरिद्री व निराधार होते. १८२९ साली बर्कला फाशी झाली आणि त्याचे नाव गुदमरवून मारणे या अर्थाचे क्रियापद बनले. पुढे एखादी चौकशी गुपचूप दडपून टाकणे, असाही त्याचा अर्थ झाला.

या सर्व शब्दांत आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे ‘बॉयकॉट’. आयर्लंडच्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट हे एका लॉर्डच्या जमिनीचे कारभारी होते. १८८० साली खंडात सवलत मागणाऱ्या कुळांना जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा त्यांनी काढल्या. आयरिश लँड लीगच्या प्रेरणेने कुळांनी मारहाण केली नाही, जाळपोळ केली नाही; त्यांनी बॉयकॉट यांच्याशी केवळ व्यवहार थांबवला. शेतमजूर कामावर येईनात, दुकानदार माल देईनात. अखेर पीक काढण्यासाठी उत्तरेकडून सुमारे ५० माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणासाठी सैन्य व पोलीस उभे करावे लागले. पिकाच्या किमतीहून कितीतरी पट अधिक खर्च बंदोबस्तावर झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉयकॉट आयर्लंड सोडून गेले.

या कृतीस नाव काय द्यावे, असा प्रश्न होता. ‘ऑस्ट्रसाइझ’ हा ग्रीक मूळ असलेला शब्द इंग्रजीत होता. पण तो शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून ओ’मॅली या स्थानिक धर्मगुरूंनी ‘बॉयकॉट करणे’ असे सुचवले, अशी हकीकत पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी नोंदवली आहे. जुलूम करणाऱ्याचेच नाव त्याच्यावरील हत्याराला दिले गेले. पाहता पाहता फ्रेंच, जर्मन, रशियन या भाषांनीही तो शब्द उचलला. पंडितांना नव्हे तर कुळांना समजावा म्हणून घडवलेला हा शब्द जगभर गेला, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

आपल्याकडे हा शब्द आला, तेव्हा त्याची दोन रूपे झाली. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत परदेशी मालावरील बहिष्कार हे परसत्तेविरुद्धचे साधन ठरले. परंतु बहिष्कार हा शब्द आणि त्यामागील व्यवहार आपल्या गावगाड्याला नवा नव्हता. तेथे तो खालून वर नव्हे, तर वरून खाली चाले. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांची मजुरी बंद, किराणा बंद, वाट बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. त्या नावांमागे हाच अनुभव उभा आहे. गोलमेज परिषदेत मांडलेल्या संरक्षणाच्या योजनेत बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवावा अशी मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. पुढे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्पष्टपणे गुन्हा ठरला. महाराष्ट्रानेही २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला.

एकच क्रियापद मेयोच्या कुळांच्या हाती न्यायाचे साधन होते आणि गावच्या वतनदारांच्या हाती उपासमारीचे. म्हणून शब्दाचा अर्थ केवळ कोशात पाहून भागत नाही. त्याचा कर्ता कोण आणि कर्म कोण, हेही तपासावे लागते. व्याकरणाच्या तासाला फळ्यावर विचारला जाणारा हा साधा प्रश्न इतिहासाच्या तासालाही तितकाच उपयोगी पडतो.

वसतिगृहातील मुलेही रोज शब्द घडवत असतात. कोणाच्या नावाचे क्रियापद होते, कोणाच्या सवयीचे टोपणनाव होते. ही सर्जनशीलता दाबू नये, असे आमचे मत आहे. मात्र गेरी, बाउडलर किंवा बॉयकॉट यांची थट्टा झाली, ती सत्ता किंवा अधिकार हाती असलेल्यांची थट्टा होती. दुबळ्या मुलाच्या रंगावर, गावावर वा आडनावावर केलेला शब्द त्या पंक्तीत बसत नाही. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी घरातील मुलांबरोबर एक छोटा उपक्रम करावा. ऐकलेला एखादा नवा शब्द वहीत लिहावा आणि तो कोणी, कोणासाठी आणि कोणावर घडवला, एवढे तीन प्रश्न त्यापुढे मांडावेत. अशी वही भरत गेली, तर मुलांचे इंग्रजी सुधारेल आणि त्यांची इतिहासाची दृष्टीही तयार होईल.