थेंब मोजताना होणाऱ्या चुका



आमच्या घरचे दूध काका रोज सकाळी शीतकरण केंद्रावर नेतात. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस मी त्यांच्याबरोबर गेले होते. त्या दिवशी आमचे दूध आंबट आहे म्हणून परत दिले. कॅन २० लिटरचा होता. काकांचा चेहरा पडला. आजीने पहाटे धार काढलेली, भांडी राखेने घासून उन्हात वाळवलेली, मग दूध आंबट होईलच कसे?

तिथे दूध कसे तपासतात ते मी पाहिले. चिनी मातीच्या वाटीत १० मिलीलीटर दूध घेतात. त्यात फिनॉल्फ्थॅलीन नावाच्या औषधाचे थेंब टाकतात. मग ब्युरेट नावाच्या उभ्या काचेच्या नळीतून कॉस्टिक सोड्याचे पाणी थेंब थेंब सोडतात आणि ढवळतात. दुधातला आंबटपणा सोड्याने मारला जाईपर्यंत दूध पांढरेच राहते. तो संपला की फिकट गुलाबी होते. तिथेच थांबायचे आणि किती सोडा लागला ते नळीवर वाचायचे. सोडा अशा मापाचा केलेला असतो की १ मिलीलीटर लागला तर आंबटपणा ०.१ टक्का. ताज्या दुधाला साधारण दीड मिलीलीटर लागतो. आमच्या दुधाला म्हणे १.९ लागला. त्या केंद्रावर १.८ च्या वर गेले की दूध घेत नाहीत.

काका म्हणाले, "दादा, पुन्हा एकदा बघा ना." तपासणारे दादा चांगले होते. त्यांनी पुन्हा केले तर १.५ आले! मग त्यांच्याच लक्षात आले. नळीवर शून्य वर असते आणि आकडे खाली वाढत जातात. पहिल्या वेळी नळी शून्यापर्यंत भरलेलीच नव्हती. सोडा ०.४ वर होता, आणि त्यांनी फक्त शेवटचा आकडा वाचला. १.९ वजा ०.४ म्हणजे १.५. वजाबाकी राहिली, एवढेच. पण तेवढ्याने २० लिटर दूध घरी आले असते.

हे मी वर्गात सांगितले. गुरुजी म्हणाले, याला अनुमापन म्हणतात, आपणही करून बघू. सोडा अंगावर उडाला तर भाजतो, म्हणून आम्ही चुन्याची निवळी घेतली. ती आम्लारी. लिंबाचा रस आम्ल. आणि दर्शक हळद. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे तर आजीला कधीचे ठाऊक. कुंकू तसेच करतात. लिंबू पुरेसे पडले की लाल रंग जाऊन पुन्हा पिवळा येतो.

औषधाच्या बाटलीच्या झाकणाने आम्ही ५ मिलीलीटर निवळी वाटीत घेतली. जोंधळ्याच्या दाण्याएवढी हळद टाकली. एक झाकण लिंबाच्या रसात नऊ झाकणे पाणी घालून ते ड्रॉपरने थेंब थेंब सोडले. ४७ थेंब लागले. दुसऱ्यांदा ४६, तिसऱ्यांदा ४८. गुरुजी म्हणाले, ठीक आहे.

मग चुका सुरू झाल्या. काही मुद्दाम केल्या, काही आपोआप झाल्या. एकाने ड्रॉपर तिरपा धरला. थेंब बारीक पडले आणि आकडा वाढला. एकीने ड्रॉपर पाण्याने धुतला आणि तसाच ओला वापरला. लिंबू पातळ झाले, पुन्हा आकडा वाढला. एक जण वाटी हलवायचा विसरला, पिवळा रंग दिसेना म्हणून टाकतच राहिला. गढूळ निवळी घेतली तर गंमतच. पिवळे झाले म्हणून थांबलो, तर थोड्या वेळाने परत लाल! तळाचे चुन्याचे कण हळूहळू विरघळत होते.

माझ्या हातून वाटीत पाणी सांडले. मला वाटले सगळे वाया गेले. गुरुजी म्हणाले, टाकू नकोस, मोज. ४७ च थेंब लागले! मला खरे वाटेना. मग समजले की चुना आधीच मोजून वाटीत घेतला होता. पाणी पडल्याने तो काही कमी झाला नाही. तेच पाणी मोजायच्या झाकणात आधी राहिले असते, तर झाकणात निवळी कमी मावली असती आणि थेंबही कमी लागले असते. म्हणजे पाणी कुठे पडले ते बघावे लागते. दूध मोजायच्या नळीत पाणी राहिले तर आंबट दूधसुद्धा चांगले ठरेल, आणि ते सगळ्यांच्या दुधात मिसळेल. हे तर जास्तच वाईट.

रात्रभर उघडी ठेवलेली निवळी सकाळी पाहिली तर वर पांढरी साय! हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याची खडू बनवली होती. साय काढून मोजले, ३८ थेंबच लागले. कॉस्टिक सोड्याची बाटली उघडी राहिली तर तोही असाच कमजोर होतो. पण तिथे आकडा कमी येत नाही, वाढतो. कारण आमचा चुना वाटीत होता, त्यांचा सोडा नळीत असतो. कमजोर सोडा जास्त लागतो, आणि चांगले दूध आंबट दिसते. हे समजायला मला दोन दिवस लागले.

अशा सोड्याने तीन वेळा केले तरी तिन्ही आकडे जवळजवळ येतील आणि तिन्ही चुकीचे असतील. तेव्हा बाटलीच बदलावी लागेल, नाहीतर दिवसभर सगळ्यांचे कॅन परत.

काका आता दूध तपासायच्या आधीच नळीचा वरचा आकडा बघतात. दादाही हसून म्हणतात, "बघा, शून्य आहे."

या कागदाखालच्या टेबलावर निवळी, हळद आणि ड्रॉपर ठेवले आहेत. पालकांनीही करून बघावे. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि बाटलीचे बूच लगेच लावावे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी