व्हॉल्व्हचा ध्वनिप्रवर्धक : रचना आणि दोषशोधन

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पुष्कळांनी पाहिला असेल. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यात गोळा करून ते केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणण्याची ही योजना १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात आकारास आली. बोगद्यावर ओळीने कुंड्या आहेत. पाणी पुढे येईनासे झाले, तर एकेका कुंडीत डोकावावे. एकीत पाणी आहे आणि पुढचीत नाही, तर अडथळा त्या दोहोंच्या मध्येच असणार. बिघडलेल्या ध्वनिप्रवर्धकाची, म्हणजे ॲम्प्लिफायरची, तपासणीही अशीच करावयाची असते.

१९०४ मध्ये फ्लेमिंगने दोन अग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने ऑडिऑन व्हॉल्व्ह तयार केला आणि त्यात लवकरच नियंत्रक जाळी बसविली. आपल्या देशात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह तयार केले. पुढे ट्रान्झिस्टरने त्यांची जागा घेतली. तरीही विज्ञान शिकविण्यास हे साधन उत्तम होय, कारण त्यातील प्रत्येक टप्पा डोळ्यांना दिसतो आणि मीटरने मोजता येतो.

आधी सुरक्षितता

या यंत्रात सुमारे २५० व्होल्ट एकदिश दाब असतो आणि तो प्राणघातक आहे. बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार उरतो. म्हणून प्लग काढावा, १० किलोओहम, ५ वॅटचा रोधक आवरणयुक्त चिमट्याने कंडेन्सरच्या दोन्ही टोकांस काही सेकंद जोडावा आणि दाब शून्यावर आल्याची मीटरने खात्री करावी. चालू यंत्राचे मोजमाप शिक्षकांनीच, एक हात पाठीमागे ठेवून करावे. काही जुन्या रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसतो व सांगाड्यातच वीज उतरू शकते. असे संच विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नयेत.

रचना

आरंभी तीन व्हॉल्व्ह पुरेत : ईझेड-८०, ईसीसी-८३ आणि ईएल-८४. पहिला प्रत्यावर्ती वीज एकदिश करतो, दुसरा दुर्बळ संकेत सुमारे ५० पट वाढवितो आणि तिसरा लाऊडस्पीकरला शक्ती पुरवितो. तिघांच्या तारा तापविण्यास ६.३ व्होल्टवर अनुक्रमे ०.६, ०.३ व ०.७६ अँपिअर, म्हणजे एकूण १.६६ अँपिअर लागतात. म्हणून ट्रान्सफॉर्मरचे ते वेटोळे निदान २ अँपिअरचे असावे.

ईसीसी-८३ च्या धनाग्राशी १०० किलोओहम व ऋणाग्राशी १.५ किलोओहमचा रोधक जोडावा. ईएल-८४ च्या ऋणाग्राशी १५० ओहम, २ वॅटचा रोधक घ्यावा. दोहोंमधील जोड-कंडेन्सर निदान ४०० व्होल्टचा असावा.

ईएल-८४ ला सुमारे ५,२०० ओहमचा भार हवा असतो, तर लाऊडस्पीकर ८ ओहमचा असतो. ५,२०० ला ८ ने भागल्यास ६५० येतात. त्याचे वर्गमूळ सुमारे २५.५. निर्गम ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचे हेच गुणोत्तर होय. यातून सुमारे ५ वॅट ध्वनिशक्ती मिळते. एका वर्गास ती पुरेशी आहे. लाऊडस्पीकर जोडल्याविना यंत्र चालवू नये, अन्यथा हा ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो.

दोषशोधन

व्हॉल्व्हच्या खुंट्या खालून पाहताना, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजाव्यात. मीटरचे ऋण टोक सांगाड्यास जोडून पुढील क्रमाने तपासावे.

१. तारा तापून लाल दिसतात काय? नसल्यास फ्यूज व ६.३ व्होल्टची जोडणी पाहावी.

२. मुख्य एकदिश दाब २५० च्या आसपास आहे काय? फ्यूज वारंवार जात असेल, तर पहिला छानक कंडेन्सर आतून जुळला असण्याचा संभव असतो.

३. ईएल-८४ च्या ३ क्रमांकावर सुमारे ७.५ व्होल्ट मिळावेत. ७.५ ला १५० ने भागले की ०.०५ अँपिअर, म्हणजे ५० मिलिअँपिअर प्रवाह ठरतो. दाब शून्य असल्यास व्हॉल्व्ह निकामी झाला असावा. दाब फार वाढला असल्यास २ क्रमांक पाहावा. तेथे शून्य असावयास हवे. धन दाब आढळल्यास जोड-कंडेन्सर गळतो आहे, तो बदलावा. तरीही धन दाब राहिल्यास व्हॉल्व्ह बदलावा. व्हॉल्व्हचे धनाग्र लाल होऊ लागल्यास यंत्र तत्काळ बंद करावे.

४. ईसीसी-८३ च्या धनाग्रावर सुमारे १५० व्होल्ट असावेत. तेथे पूर्ण पुरवठ्याइतका दाब दिसल्यास व्हॉल्व्हमधून प्रवाह वाहत नाही, असे समजावे.

५. सतत घुमणारा आवाज येत असल्यास आवाजाची कळ शून्यावर न्यावी. आवाज थांबला, तर दोष कळीच्या अलीकडे, बहुधा प्रवेश-तारेच्या आवरणात आहे. न थांबल्यास छानक कंडेन्सर व भूजोडणी पाहावी.

अनेकदा केवळ निखळलेला डाख हेच कारण निघते. म्हणून मोजल्यावाचून भाग बदलू नये; त्याने खर्च वाढतो आणि मूळ दोष दडून राहतो.

यंत्र नीट चालत असतानाच प्रत्येक टप्प्यावरील दाब एका कागदावर लिहून तो पेटीच्या आत चिकटवावा. पुढे बिघाड झाल्यास अनोळखी हातांनाही कोणत्या कुंडीत किती पाणी असावयास हवे, हे त्यावरून कळेल आणि अंदाजाने आत हात घालण्याची पाळी येणार नाही.