निकालाआधी ठरवायच्या गोष्टी

मांजरी बुद्रुक, पुणे

चि. सौ. ताईस,



परवा फोनवर तू बरंच काही विचारत होतीस, पण लेक खोलीतून बाहेर आली की तुझा आवाज खाली जायचा आणि विषय बदलायचा. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. जावईबापूंनाही वाचायला दे. यातली निम्मी कामं त्यांच्याच वाट्याची आहेत.

"मामा, तिच्यासाठी आम्ही आणखी काय करू?" असं तू विचारलंस. अभ्यासात काहीही करू नका. अभ्यास तिचा आहे आणि शिकवणाऱ्यांचा आहे. घराचं काम निराळं असतं: किती खर्च झेपेल, कागदपत्रं कुठवर आली आहेत, आणि एमबीबीएस मिळालं नाही तर पुढे काय. या तीन प्रश्नांची उत्तरं नीटच्या निकालाच्या आधी ठरलेली हवीत आणि तिला माहीत हवीत. ती ठरलेली नसली की पोर प्रत्येक टेस्टला हेच प्रश्न डोक्यात घेऊन बसते. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना मी हे दरवर्षी पाहिलं. चांगल्या हुशार मुलांनाही पेपरपेक्षा घरी जाऊन काय सांगायचं याची धास्ती जास्त असायची.

आधी पैशाचं बोलतो. "वेळ पडली तर शेत विकू, पण तिला डॉक्टर करू," असं तू म्हणालीस. मायेपोटी म्हणालीस हे मला कळतं, पण हे वाक्य तिच्या कानावर पुन्हा पडू देऊ नकोस. सतरा वर्षांच्या पोरीला ते कर्जासारखं वाटतं. त्यापेक्षा तुम्ही दोघं एका रात्री बसा आणि वर्षाला किती झेपेल तो आकडा कागदावर लिहा. सरकारी कॉलेजची फी तुम्हाला झेपेल. खासगी कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, तरी ती सरकारीच्या कितीतरी पट असते. अभिमत विद्यापीठांपैकी काहींची फी तर वर्षाला 20 लाखांच्या पुढे आहे. तिथे आपण जायचं नाही हे तुम्हाला आजच माहीत आहे, मग तिलाही आजच सांगा. एक दार बंद आहे हे स्वच्छ कळलं की मूल उरलेल्या दारांकडे नीट बघतं.

याच संदर्भात एक चौकशी कर. 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने 2024-25 पासून पूर्ण माफ केलं आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतला असेल तर ही सवलत मिळते. अभिमत विद्यापीठ आणि मॅनेजमेंट कोटा त्यात येत नाहीत. उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढण्याचं महत्त्व यावरून तुझ्या लक्षात येईल.

आता कागदांकडे वळतो. इथेच सगळ्यात जास्त घरं अडकतात. मार्क असूनही राखीव जागा हातची गेलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि कारण बहुतेक वेळा एकच असायचं, जात वैधता प्रमाणपत्र आलेलं नसणं. जातीचा दाखला निराळा आणि वैधता निराळी. वैधता जिल्हा पडताळणी समितीकडून मिळते आणि विज्ञान शाखेच्या मुलांना कॉलेजच्या पत्रासह अकरावी-बारावीतच अर्ज करता येतो. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. तुझ्या सासऱ्यांचा किंवा त्यांच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, ज्यात जातीची नोंद स्पष्ट आहे, तो शोधायला जावईबापूंना याच आठवड्यात पाठव. जुन्या रजिस्टरात कधी आडनाव नसतं, कधी एखादं अक्षर चुकलेलं असतं, आणि तेवढ्यावर समिती त्रुटी काढते. मग दुरुस्ती, शपथपत्र, पुन्हा हेलपाटे. मे महिन्यात हे सुरू केलं तर जुलैत हाती काही नसतं.

नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते, म्हणून प्रवेशाच्या वेळी चालू असलेलं लागेल. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढून ठेव, अखिल भारतीय कोट्याला तेच चालतं. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला तुमच्या दौंडच्याच सेतू केंद्रातून होईल. तिचं आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, तेही पाहून घे. हे सगळं एका फायलीत घाल, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढ आणि स्कॅन करून मोबाइलमध्ये ठेव. तिला यातलं काहीही करायला लावू नकोस.

बारावी अर्ध्यावर आली असताना तिला लातूरला पाठवण्याचा विचार मला पटत नाही. लातूर पॅटर्नबद्दल मला आदर आहे, तिथल्या शिक्षकांनी मराठवाड्यातल्या साध्या घरांतली कितीतरी मुलं डॉक्टर केली. पण त्याचा सगळा फायदा दहावीनंतर दोन वर्षं तिथे राहणाऱ्याला होतो. आणि जावईबापूंचे मित्र राजस्थानातल्या कोटा शहराबद्दल जे सांगतात, त्यात एक गोष्ट ते सांगत नाहीत. महाराष्ट्राच्या 85 टक्के कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. परराज्यातल्या कॉलेजात नाव घालून बारावी केली की तो हक्क जातो. पुढे वर्ष रिपीट करायची वेळ आली, तर क्लास कुठेही लावता येईल.

टेस्टनंतर ती रडते म्हणालीस. पुढच्या रविवारी असं करून बघ. मार्क विचारू नकोस. तिला तिची उत्तरं तपासू दे आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एकच खूण करायला सांग: मुळातच येत नव्हता, येत असून चुकला, की अंदाजाने मारला. माझ्या एका विद्यार्थिनीच्या अशा कागदावर दुसऱ्या प्रकारच्याच खुणा भरमसाठ निघाल्या. प्रश्नात "अयोग्य विधान ओळखा" लिहिलेलं असायचं, ती घाईत योग्य विधान शोधून पहिल्याच पर्यायाला गोल काळा करून पुढे जायची. अशा प्रत्येक ठिकाणी चार मार्क जायचे आणि वर एक कापला जायचा. तिला आणखी अभ्यासाची गरज नव्हती. प्रश्नातल्या "नाही" आणि "अयोग्य" या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लावली आणि दोन महिन्यांत तिचे मार्क सुधारले. रडण्यामागे बहुतेक वेळा असं काहीतरी दुरुस्त होण्यासारखं असतं. पण जेवण तुटलं, झोप उडाली, बोलणंच बंद झालं, तर डॉक्टरांकडे न्यायला लाजू नकोस. 14416 या टेलिमानसच्या नंबरवर मराठीतही बोलता येतं, तो फ्रिजवर चिकटवून ठेव.

शेजारच्या मुलाच्या मार्कांशी तुलना तर सोडूनच दे. 2024 साली पहिल्या निकालात 67 मुलांना 720 पैकी 720 होते, 2025 साली देशात पहिल्या आलेल्याला 686. त्यामुळे 2024 मध्ये ज्या मार्कांना सरकारी कॉलेज हुकलं, त्याहून पुष्कळ कमी मार्कांना पुढच्या वर्षी मिळालं. मार्क वर्षागणिक बदलतात, बघायची ती रँक. आणि "क्वालिफाय" या शब्दावर पेढे वाटू नका. 2025 साली 22 लाखांवर मुलं बसली, 12 लाखांवर पात्र ठरली, आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात आहेत.

म्हणून तिसरा प्रश्न. एमबीबीएस नाही मिळालं तर? एक वर्ष पुन्हा द्यायचं का, ते आताच ठरवा. माझं मत असं की एक वर्ष जरूर द्यावं, दुसरं देण्याआधी मात्र तिने स्वतः मागितलं पाहिजे. बाकी वाटाही तिच्याशी मोकळेपणाने बोला. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस हे सगळे नीटवरच आहेत. पशुवैद्यकाचे प्रवेशही नीटवर होतात आणि शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला फार लांब नाही. तिला गाई-म्हशींची आवड आहे हे मी पाहिलं आहे. फार्मसीसाठी आणि शेतीच्या पदवीसाठी सीईटीचा अर्ज भरून ठेवा. या वाटांना घरात कुणी "नाइलाज" म्हणायचं नाही, आजीनेसुद्धा.

निकालानंतर फोन यायला लागतील, सीट मिळवून देतो म्हणून. एकालाही उत्तर देऊ नका. राज्यातली प्रत्येक जागा सीईटी कक्षाच्या नाहीतर केंद्राच्या एमसीसीच्या फेऱ्यांतूनच भरते, खासगी कॉलेजातला संस्थात्मक कोटासुद्धा. पसंतीक्रम भरताना तिच्या खऱ्या आवडीच्या क्रमाने भरा. पुण्याचं बी. जे. सगळ्यांनाच हवं असतं, पण तुमच्या शेजारी बारामतीला 2019 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, सोलापूर, सातारा, मिरज आहे. सरकारी जागेवर शिकलं की एक वर्ष बंधपत्रित सेवा द्यावी लागते, हेही तिला आधी सांगून ठेव.

तुला एक सांगायचं होतं. आमच्या मांजरीत जोतिबा फुल्यांची शेती होती. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतलेला यशवंत 1874 सालचा. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतिबा गेले तेव्हा तो जवळपास तुझ्या लेकीच्याच वयाचा. घरात पैसा उरला नव्हता. जोतिबांचे स्नेही मामा परमानंद यांनी मदतीसाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना लिहिलं होतं. तशा दिवसांत सावित्रीबाईंनी त्याचं शिक्षण तुटू दिलं नाही आणि यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात इथून जवळच, हडपसरच्या ससाणे मळ्यात, मायलेकांनी दवाखाना काढला. मुंढव्याचं प्लेग झालेलं मूल पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे आल्या, त्यांनाही लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. डॉक्टर होणं म्हणजे काय, हे लेकीला कधी सांगावंसं वाटलं तर हे सांग. "डॉक्टर झालीस की बंगला बांधू" हे नको.

परीक्षेसाठी केंद्र पुण्यात आलं तर आदल्या दिवशी डेमूने मांजरीला उतरा आणि आमच्याकडे मुक्काम करा. पेपर दुपारी 2 ते 5 असतो आणि दीडला गेट बंद होतं. हडपसरच्या गाडीतळावर रविवारीही गाड्या तुंबतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी मी तिला केंद्र दाखवून आणीन. अर्ध्या बाह्यांचा साधा ड्रेस आणि चप्पल घालायला सांग. बूट चालत नाहीत, पेन तिथेच देतात. आतापासून दर रविवारी दुपारी 2 ते 5 तिला घड्याळ लावून 180 प्रश्न सोडवू दे. त्या वेळात घरात पाहुणे नकोत, टीव्ही नको. पेपर झाल्यावर गेटवर कुणी "कसा गेला?" विचारायचं नाही, ही ताकीद जावईबापूंना माझ्याकडून दे.

सासऱ्यांचा दाखला मिळाला की मला फोटो पाठव, नोंद चालेल की नाही ते पाहून सांगतो. आणि तो पैशाचा आकडा येत्या रविवारच्या आत तुम्ही दोघांनी मिळून तिला सांगा.

तुझा,
मामा