रक्ताच्या कर्करोगावरील गोळ्या, त्वचेचा रंग व ऊन

बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. विचारणारा बहुधा रुग्ण नसतो. सोबत आलेली सासू, पती किंवा भाऊ दबक्या आवाजात विचारतो, ‘‘डॉक्टर, हे कोड तर नव्हे?’’ रुग्णाच्या चेहऱ्यावरील, मानेवरील वा हातांवरील त्वचा ठिकठिकाणी फिकट झालेली असते. ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ या रक्ताच्या कर्करोगासाठी काही महिन्यांपासून इमॅटिनिबची गोळी सुरू असते. रक्ताचे अहवाल समाधानकारक असतात. घरातील वातावरण मात्र चिंतेचे असते, आणि घरी लग्नाची मुलगी असेल तर काही विचारूच नये.

तपासणीअंती बहुतेक वेळा असे आढळते की हा बदल औषधाचाच आहे. तो कोणालाही संसर्गाने होत नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्शाची जाणीव मंदावते; येथे ती शाबूत असते.

असे का होते, हे समजून घेण्याजोगे आहे. या आजारात ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते व त्यातून एक सदोष प्रथिन तयार होते. ते पांढऱ्या पेशींना अविरत वाढण्याचा आदेश देत राहते. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब या प्रथिनाचे कार्य रोखते. परंतु ‘किट’ नावाचे दुसरे एक प्रथिनही या औषधाच्या तडाख्यात सापडते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना किटची आवश्यकता असते. त्याचे कार्य मंदावले की मेलॅनिन हे रंगद्रव्य कमी बनते. गोऱ्या वर्णावर हा बदल कित्येकदा ध्यानातही येत नाही. आपल्या सावळ्या वर्णावर तो चटकन डोळ्यांत भरतो. क्वचित याउलट त्वचा काळवंडते. औषधाची मात्रा कमी केल्यावर वा ते थांबविल्यावर अनेक रुग्णांत मूळ रंग परत येतो. परंतु तो निर्णय केवळ डॉक्टरांचा आहे.

मेलॅनिन हे त्वचेचे नैसर्गिक छत्र होय. ते विरळ झाले की पूर्वी सहज सोसणारे ऊन भाजू लागते. इमॅटिनिब घेणाऱ्या काही रुग्णांत उन्हाने पुरळ उठल्याच्याही नोंदी आहेत. शेतावर राबणाऱ्या रुग्णास ‘उन्हात जाऊ नका’ असे सांगणे सोपे आणि निरर्थक आहे. म्हणून आम्ही सांगतो ते असे : सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेतील कामे शक्य तेवढी पुढे-मागे करावीत, पूर्ण बाह्यांचे, घट्ट विणीचे सुती कपडे, रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून पदर घ्यावा. एसटीच्या खिडकीची काच लावली म्हणजे ऊन अडले असे नव्हे. अतिनील किरणांचा एक भाग काचेतूनही आत येतो. एसपीएफ ३० वा त्याहून अधिक क्षमतेचे सनस्क्रीन उत्तम, पण ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते व महागही पडते. ज्यांना परवडत नाही त्यांनी खंत करू नये. कपडा हे उत्तम संरक्षण आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र निराळाच आहे. डाग दिसताच कोणीतरी बावचीचा लेप सुचवितो. कोडावर बावची परंपरेने वापरली जाते, हे खरे. तिच्यातील सोरॅलेन हे द्रव्य त्वचेची उन्हाविषयीची संवेदनशीलता वाढविते. आधीच हळव्या झालेल्या त्वचेवर लेप लावून उन्हात बसल्यास भाजून फोड येऊ शकतात. पोटात घेतलेल्या बावचीने यकृतास इजा झाल्याची उदाहरणे आहेत, आणि इमॅटिनिबचे विघटनही यकृतातच होते.

दुसरा धोका म्हणजे डागांना कंटाळून गोळी गुपचूप बंद करणे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ८७ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ठरलेल्या मात्रेपैकी ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत रोग अत्यल्प पातळीवर येण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के होती; त्याहून कमी घेणाऱ्यांत ती अवघी २८ टक्के. दररोज एक गोळी घेणाऱ्यास नव्वद टक्क्यांची मर्यादा म्हणजे महिन्यातून केवळ तीन गोळ्या चुकणे. देणगीदारांच्या साहाय्याने गोळी रुग्णाच्या हाती पडते; ती पोटात जाते की नाही, हे पुष्कळदा घरातील माणसांच्या बोलण्यावर ठरते.

सुरुवातीच्या आठवड्यांत उठणारे साधे पुरळ व सकाळी पापण्यांवर येणारी सूज बहुधा सौम्य असते. पुढील भेटीत ती दाखवावी. मात्र तापासह पुरळ, तोंडात वा डोळ्यांत व्रण, कातडी सोलवटणे, अथवा वजन झपाट्याने वाढून धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयात यावे. येताना चालू असलेली सर्व औषधे, लेप व काढेसुद्धा, सोबत आणावेत. त्यावरून कोणी रागावणार नाही.