भरलेला खड्डा लगेच उपसू नका : सोनखत, विहीर आणि आपली खाडी



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. होड्या वर ओढायच्या, जाळी सांधायची, घराची डागडुजी करायची. त्यातच एक काम पाऊस पडण्याआधी उरकायला हवं, ते म्हणजे संडासाची टाकी नाहीतर खड्डा बघणं.

पावसात टाकी तुंबली की मैला गुपचूप ओहोळात सोडायचा, ही सवय आपल्यातच आहे. दुसऱ्याकडे बोट दाखवून उपयोग नाही. ओहोळ शेवटी खाडीलाच मिळतो. तिसऱ्या, खुबे, कालवं पाणी गाळून खातात, त्यामुळे मैल्यातले जंतू त्यांच्यात साठतात. नीट न शिजवता खाल्ले तर हगवण, टायफॉईड, कावीळ. पहिली आजारी पडतात ती आपलीच पोरं, आणि नाव खराब होतं ते आपल्या मासळीचं.

मग मैल्याचं करायचं काय? शेजारच्या कणकवलीत अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम काढला आणि मैल्यापासून सोनखत करायचं काम करून दाखवलं. आजचा दोन खड्ड्यांचा संडास त्याच वाटेवरचा. एक खड्डा वापरायचा, तो भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला बंद ठेवायचा. पाणी जमिनीत मुरतं, मैल्याची हळूहळू माती होते.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

१) बंद खड्डा निदान दोन पावसाळे उघडू नका. जंतू लवकर मरतात, पण जंतांची अंडी महिनोन्‌महिने जगतात. खत कोरडं, भुरभुरीत आणि बिनवासाचं झालं तरच काढा. ओलं असेल तर परत झाका.

२) काढताना हातमोजे आणि बूट घाला. नंतर साबणाने हात धुवा.

३) हे खत माड, आंबा, केळीच्या मुळाशी घालून मातीने झाका. तांबडी भाजी, मुळा, काकडी यांना नको.

४) विहिरीपासून खड्डा किमान १० मीटर लांब हवा. पेडण्यात केरी, हरमल, मोरजीच्या रेताड किनाऱ्यावर पावसात भूजल वर येतं. तिथे खड्डा उथळ ठेवा, तळ पक्का करा आणि भोवती अर्धा मीटर बारीक वाळू भरा. डिचोलीकडे जांभ्याच्या भेगांतून घाण पाणी दूरवर जातं, तिथे अंतर आणखी वाढवा.

५) सेप्टिक टाकीतला गाळ म्हणजे खत नव्हे, तो ताजा मैलाच. बागेत किंवा नदीत टाकू नका. टँकर बोलवा आणि गाळ प्रक्रिया केंद्रातच जातो ना, हे विचारून घ्या. टाकीतून बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात सोडा, गटारात नको.

६) टाकीत माणूस उतरवू नका, स्वतःही उतरू नका. आतल्या विषारी वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि वाचवायला उतरलेलाही जातो. सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणाला टाकीत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

खाडी आपलं शेत आहे. शेतात कुणी विष सोडत नाही. या बंदीत आपापल्या वाड्यावर चार घरांनी मिळून टाक्या आणि खड्डे तपासूया.