योजना चालविणाऱ्याचे शिक्षण
पेण व रोहे तालुक्यांतील खारबांधाच्या कामावरून घ्यावयाचे धडे

चांगले बी, चांगले खत आणि वेळेवर मशागत यांचे ज्ञान असले म्हणजे स्वतःची शेती उत्तम करता येते. परंतु शंभर शेतकऱ्यांच्या हिताचे एखादे काम ठरल्या मुदतीत, ठरल्या खर्चात आणि तंटाबखेडा न होता तडीस नेणे ही निराळी विद्या आहे. ही विद्या अनुभवाने येते हे खरे. पण नुसत्या अनुभवाने ती पुरी येत नाही. अनुभवाचा विचार करण्याची, तो मांडण्याची व इतरांच्या अनुभवाशी ताडून पाहण्याची सवय लावावी लागते. योजना चालविणाऱ्याचे शिक्षण ते हेच.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समाज विकास योजनेस प्रारंभ झाला आणि पुढील वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. ग्रामसेवकांसाठी ठिकठिकाणी प्रशिक्षण केंद्रे निघाली. त्यांत पिके, जनावरे, आरोग्य, सहकार असे अनेक विषय शिकविले जात. तथापि गावोगावची कामे रेंगाळली ती बहुधा शेतकीचे ज्ञान कमी पडले म्हणून नव्हे. कोणते काम आधी, कोणते मागाहून, कोणाची जबाबदारी कोणती आणि लोकांचा वाटा किती, हे नीट ठरलेले नसे. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीनेही लोकांचा सहभाग अपुरा असल्याचे दाखवून दिले. पुढे १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. अधिकार गावाजवळ आला, त्याबरोबर काम चालविण्याची जबाबदारीही गावाजवळ आली.

रोह्याच्या चिंतामणरावांचे उदाहरण

या विषयाचा रोह्याशी जवळचा संबंध आहे. डॉ. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळील नाते येथे झाला व त्यांचे बालपण रोह्यास गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ या काळातील देशाचे अर्थमंत्री म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच कारकीर्दीत राबविली गेली. हैदराबाद येथे १९५६ साली 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज' ही संस्था स्थापन झाली. तिच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद पुढे चिंतामणरावांनी भूषविले.

या संस्थेची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथे शिकावयास येणारे लोक नवशिके नव्हते. सरकारी खाती, कारखाने व महामंडळे यांतून वर्षानुवर्षे जबाबदारीची कामे केलेले अधिकारी तेथे येत. निरनिराळ्या क्षेत्रांतील माणसांचे लहान गट करून त्यांच्यापुढे प्रत्यक्ष प्रश्न ठेवावयाचा, गटाने विचार करून निर्णय लिहावयाचा व त्यावर सर्वांनी चर्चा करावयाची, अशी ती रीत. शिकविणाऱ्याइतकेच शेजारी बसलेल्याकडून शिकावयाचे, हे तिचे मर्म होय. गावपातळीवर ही रीत आणावयास मोठ्या इमारतीची गरज नाही. पेण व रोहे भागात तिच्यासाठी उत्तम शाळा आहे, ती म्हणजे खाडीकाठचा बांध.

खारबांध ही एक योजनाच

अंबा नदी व धरमतरची खाडी यांच्या काठी पेण तालुक्यात आणि कुंडलिकेच्या खाडीकाठी रोहे तालुक्यात भरतीच्या पाण्यापासून राखलेली भातजमीन आहे. मातीचा बांध, पावसाचे पाणी बाहेर सोडणारी व भरतीचे पाणी आत येऊ न देणारी उघाडी आणि आतील चर या तिहींवर ही शेती उभी असते. बांधास खांड पडली म्हणजे खारे पाणी आत शिरते. त्या वर्षाचे पीक तर जातेच; पण जमिनीत मुरलेले मीठ पावसाने धुऊन निघण्यास सामान्यतः दोन-तीन पावसाळे जावे लागतात. एका दिवसाच्या हयगयीची किंमत पुष्कळ कुटुंबे पुष्कळ दिवस भरतात. म्हणूनच १९४८ साली मुंबई राज्यात खारभूमींसाठी कायदा झाला आणि त्यानंतर १९७९ साली महाराष्ट्र खारभूमि विकास अधिनियम आला. कायदा व पैसा असला तरी काम चालविणारा जाणता नसेल, तर बांध टिकत नाही.

धडा पहिला : काम पुरे झाले असे केव्हा म्हणावे ?

काम सुरू करण्यापूर्वी हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर लिहून ठेवावे. 'इतके मीटर बांध घातला' हे उत्तर अपुरे आहे. बांध झाला पण उघाडीची झडप गळकी राहिली, किंवा आतील चर बुजलेले राहिले, तर मीठ बाहेर जाणार नाही. 'या क्षेत्रात भाताचे पीक पुन्हा उभे राहिले' हे खरे उत्तर होय. असे उत्तर समोर असले म्हणजे उरलेली कामे आपोआप यादीत येतात : चर उपसणे, पावसाचे गोडे पाणी खाचरात साठवून मीठ धुणे, मातीची तपासणी करणे आणि पहिली काही वर्षे खाऱ्या जमिनीत टिकणारे बी मिळविणे. अशा जमिनीसाठी पनवेल येथील खारभूमि संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे भाताचे वाण दिलेले आहेत.

धडा दुसरा : कामाची साखळी व समुद्राचे पंचांग

१९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँ या रसायन-कंपनीत कामाचा क्रम ठरविण्याची एक पद्धत निघाली. मोठ्या कामाचे लहान भाग पाडावयाचे, कोणता भाग कोणावर अवलंबून आहे ते लिहावयाचे व सर्वांत लांब साखळी शोधून काढावयाची. त्या साखळीतील एका दिवसाचा उशीर म्हणजे सबंध कामास एक दिवसाचा उशीर. साखळीबाहेरील कामास मात्र थोडी सवड असते. ही पद्धत खारबांधास कशी लावावी, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

समजा, एका खांडीच्या दुरुस्तीसाठी पुढील दिवस लागतात :

(१) मोजणी व आखणी : १० दिवस.
(२) लाभधारकांची सभा व माती घेण्याच्या जागेची संमती, मोजणीनंतर : १५ दिवस.
(३) उघाडीचे बांधकाम, मोजणीनंतर : ४५ दिवस.
(४) खांडीच्या दोन्ही अंगांचा बांध, संमतीनंतर : ६० दिवस.
(५) खांड बंद करणे, उघाडी व बांध दोन्ही झाल्यावर : ४ दिवस.
(६) दगडी अस्तर व माती दाबणे, त्यानंतर : २० दिवस.

उघाडी ५५ व्या दिवशी पुरी होते. बांध ८५ व्या दिवशी. म्हणजे उघाडीस ३० दिवसांची सवड आहे, पण सभेस व बांधास एका दिवसाचीही नाही. एकूण दिवस १०९. पुष्कळ ठिकाणी सारे लक्ष उघाडीच्या सिमेंटकडे असते आणि संमतीची सभा 'होईल पुढे-मागे' म्हणून टाकून दिली जाते. हिशेब सांगतो की घाई सभेची करावयास पाहिजे.

आता यात समुद्राचे पंचांग मिळवावे. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण येते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असतो व भरती-ओहोटीतील अंतर सर्वांत कमी असते. खांड जसजशी अरुंद होते, तसतसा तिच्यातून जाणाऱ्या पाण्याचा वेग वाढतो व तळ खरवडला जातो. म्हणून शेवटचा भाग भांगाच्या दिवसांत, ओहोटी साधून, माती, दगड व माणसे आधीच हाताशी ठेवून एका दमात बुजवावा लागतो. हा भांग हुकला तर पुढच्या भांगापर्यंत सुमारे पंधरवडा थांबावे लागते. बांधाला झालेला एका दिवसाचा उशीर येथे पंधरा दिवसांचा होऊन बसतो.

वरील काम १ फेब्रुवारीस सुरू झाले व भांग नेमका वेळेवर सापडला, तर ते २० मेच्या सुमारास पुरे होईल. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. मध्ये सुमारे अठरा दिवस उरतात. एक भांग हुकल्यास काम जेमतेम सावरते; दुसरा हुकल्यास ओली, न दाबलेली माती पावसाच्या व उधाणाच्या तोंडी जाते. तेच काम १ जानेवारीस सुरू केले, तर १९ एप्रिलला पुरे होते व अडचणींना तोंड देण्यास दीड महिन्याहून अधिक अवधी राहतो. तात्पर्य, मृगापासून मागे मोजून कामाचा दिवस ठरवावा. तसेच लागणाऱ्या सर्व परवानग्या हाती आल्यावरच दिवस मोजावयास लागावे. कांदळवनास धक्का लावणे निषिद्ध आहे; शिवाय लाटांचा मार कमी करून ते बांधाचे रक्षणच करते.

धडा तिसरा : नावाने जबाबदारी

'सर्वांनी लक्ष ठेवावे' असे ठरले म्हणजे कोणीच लक्ष ठेवीत नाही. बांधाचे भाग पाडून प्रत्येक भागास राखणाऱ्याचे नाव लिहावे. खेकड्यांची व उंदरांची बिळे शोधणे, उधाणाच्या आधी व नंतर बांध चालून पाहणे, झडपेतील गाळ व काटक्या काढणे ही कामे लहान दिसतात. खांड पडते ती बहुधा अशाच लहान छिद्रातून. माती बांधाच्या पायथ्याशी खणू नये, हे काम देतानाच प्रत्येकास बजावून सांगावे.

मतभेद असतील ते आधी सभेत येऊ द्यावेत. उघाडीपाशी मासळी धरणाऱ्यास झडप उघडी हवी असते. खोलगट खाचरवाल्यास पाणी लवकर बाहेर जावयास हवे असते. उंचवट्यावरील खाचरवाल्यास ते साठून राहावयास हवे असते. यांपैकी कोणाचेही म्हणणे गैर नाही. झडप कोणी, केव्हा व कोणाच्या संमतीने उघडावी, हे लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या, तर रात्रीअपरात्री उघडलेल्या झडपेचा तंटा उद्भवत नाही.

धडा चौथा : नोंदवही

हजेरीपट व मोजमाप पुस्तक ही हिशेबासाठी असतात. त्यांखेरीज कामाची एक वही ठेवावी. प्रत्येक आठवड्यास चार गोष्टी लिहाव्यात : काय ठरले होते, काय झाले, फरक का पडला आणि पुढे काय करावयाचे. फरकाचे कारण लिहिताना माणसास दोष न देता घटना लिहावी. 'मजूर कामचुकार' असे न लिहिता 'लग्नसराईमुळे पंधरा माणसे कमी' असे लिहिले, तर पुढील वर्षी त्यावर उपाय योजता येतो.

शिक्षण एकदाच पुरत नाही

अमेरिकेत १९६९ साली योजना-व्यवस्थापकांची एक संस्था स्थापन झाली. तिची परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रमाणपत्र मिळविणाऱ्यासही तीन वर्षांत ६० तासांचे पुढील शिक्षण पुरे केल्याचे दाखवावे लागते. नाहीतर प्रमाणपत्र चालू राहत नाही. या हिशेबाने वर्षास वीस तास, म्हणजे जेमतेम तीन दिवस होतात. गावचे काम पाहणाऱ्यास तेवढे दिवस काढणे अशक्य नाही. रायगड जिल्ह्यातच खोपोली येथे प्रादेशिक कृषि विस्तार व्यवस्थापन प्रशिक्षण संस्था आहे. पुणे येथील यशदा ही संस्था ग्रामविकासाच्या कामातील लोकांस शिक्षण देते.

याशिवाय तालुक्या-तालुक्यांनी आपसात एक साधी रीत पाडावी. दिवाळीनंतर, भातकापणी आटोपल्यावर, दहा-बारा कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी एकत्र जमावे. पहिला दिवस पेणच्या एखाद्या बांधावर घालवावा व गेल्या वर्षीची वही उघडून कोठे दिवस गेले ते पाहावे. दुसरा दिवस रोह्याकडे घालवावा. भिरा येथील जलविद्युत् केंद्रातून सुटणारे पाणी कुंडलिकेवरील डोलवहाल बंधाऱ्यापाशी अडवून कालव्यांनी शेतीस दिले जाते. तेथे पाण्याची पाळी कशी बसवितात, शेवटच्या खाचरापर्यंत पाणी पोचते की नाही, हे पाहावे. एका ठिकाणी पाणी बाहेर ठेवावयाचे, दुसऱ्या ठिकाणी आणावयाचे. काम चालविण्याची तत्त्वे मात्र दोन्हीकडे तीच आहेत, हे पाहणाऱ्यास तेव्हा उमगेल. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपल्या पुढील कामाची साखळी कागदावर मांडून इतरांपुढे ठेवावी व त्यांनी तिच्यातील उणिवा दाखवाव्यात.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावी चालू असलेले एक काम घेऊन, ते पुरे झाले असे केव्हा म्हणता येईल ते दोन वाक्यांत लिहा.
२. त्या कामाचे सहा-सात भाग पाडा. कोणता भाग कोणावर अवलंबून आहे ? सवड कोणत्या भागास आहे ?
३. वरील उदाहरणात संमतीची सभा दहा दिवस लांबली, तर काम किती दिवसांनी लांबेल ? भांगाचा विचार करून उत्तर द्या.
४. आपल्या गावच्या बांधाच्या, कालव्याच्या किंवा पाणवठ्याच्या राखणीची जबाबदारी आज कोणाच्या नावावर आहे ? नसेल तर येत्या सभेत ती कोणाकडे द्यावी ?